सीटखालची पिवळी तार

निमेशनं पाचव्यांदा चावी फिरवली. गाडी टक-टक-टक अशी कुरकुरली आणि गप्प झाली. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत गेले, पण एअरबॅगचा तांबडा दिवा तेवढा पेटलेला राहिला. महिनाभर तो मेला असाच डोळे वटारून बसला होता.

बाजूच्या सीटवर त्याचे वडील, रामचंद्र, सीट मागं पाडून रेलले होते. पाय एवढे सुजले होते की चपला चढेनात, म्हणून निमेशच्या आईनं, कृष्णाबाईनं, नुसते मोजे घातले होते. श्वास घेताना घशातून घरघर येत होती. डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. गेला शनिवार चुकला होता, तोही या गाडीच्या पायीच. त्या दिवशी रिक्षा केली, तर माहुलच्या खड्ड्यांत बाबांचा जीव असा घुसमटला की नाक्यावरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून घरी परत आणावं लागलं. तोवर घाटकोपरच्या हॉस्पिटलातलं मशीन दुसऱ्या पेशंटला गेलं होतं. आज मंगळवार. अंगात पाच दिवसांचं पाणी साठलेलं. डॉक्टरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, आज काहीही करून आणा. साडेअकरापर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर मशीन पुढच्या माणसाला. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, दीड तास लागेल. घड्याळात दहाला पाच मिनिटं कमी होती.

बॅटरी जुनी असती तर निमेशनं नशिबाला बोल लावला असता. पण ती वीस दिवसांपूर्वीच टाकलेली, करकरीत नवी. तरी रात्री उभी केलेली गाडी सकाळी मेलेली असायची. एका मेकॅनिकनं टेप काढून टाकला, दुसऱ्यानं मागचा कॅमेरा. तिसरा म्हणाला, गाडीच विका. एअरबॅगच्या दिव्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघितलं नाही, निमेशनं तर नाहीच. बॅग फुटायची तेव्हा फुटेल, आपल्याला गाडी चालू व्हायला हवी, एवढंच त्याचं म्हणणं.

निमेशनं फोन करून बोलावलेला चंद्रप्रकाश इलेक्ट्रिशियन स्कूटरवरून आला, तो आल्या आल्या खाली वाकला. चावी काढायला लावली, दारं लावून घेतली, बॅटरीला मीटर जोडला. बंद गाडी करंट पीत होती. मग त्यानं एकेक फ्यूज काढून बघायला सुरुवात केली. सातव्या फ्यूजला काटा खाली आला.

"खालच्या वायरिंगमध्ये आहे काहीतरी," तो म्हणाला. "आणि हा दिवा पण त्यातलाच. एकच दुखणं आहे दोघांचं. बाबांना उतरवा, ही सीट काढावी लागेल."

निमेशनं आणि कृष्णाबाईनं दोन्हीकडून धरून रामचंद्रांना उतरवलं, ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. चंद्रप्रकाशनं बॅटरीची तार सोडली आणि हात पुसत उभा राहिला. निमेशनं विचारलं, थांबलास कशाला? तो म्हणाला, सीटखाली एअरबॅगची पिवळी तार असते, तिच्यात करंट उरतो, दहा मिनिटं हात लावायचा नाही, उगाच फुटली तर तोंडावर फुटेल.

दहा मिनिटं! निमेशला ती दहा वर्षांसारखी गेली. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठीला त्यानं उगाचच लाथ घातली. मग आईवर खेकसला की मोजे कशाला घातलेस एवढ्या उकाड्यात. तिनं मुकाट्यानं मोजे काढले. पायांवर मोज्यांचे वळ खोल उमटले होते. ते बघून निमेशला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सीट निघाली. चंद्रप्रकाशनं खालचा गालिचा उचलला आणि पुटपुटला, आईशप्पथ.

गालिच्याखाली चिखल होता. वर्तमानपत्राच्या पुड्या, कुजून एकमेकींना चिकटलेल्या. काही फुटलेल्या, काहींना अजून गाठ. त्यातून दमट हवेनं विरघळलेलं खडे मीठ, मोहरी, काळ्या पडलेल्या सुक्या मिरच्या. पिवळ्या तारेचं टोक हिरवंगार झालं होतं, आणि बाजूची कायम चालू असणारी तार त्या खारट पाण्यात बुडून रात्रभर करंट गाळत होती.

"चाळीसएक तरी असतील," चंद्रप्रकाश म्हणाला. "गाडीत मीठ कोण ठेवतं?"

निमेश आईकडे वळला.  महिनाभर साठलेला संताप सगळाच फुटला. तुझी दृष्ट, तुझ्या मिरच्या, बाबा मरायला टेकलेत आणि तू मिठानं गाडी मारलीस. शेजारणी दारात आल्या. कृष्णाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं एवढंच सांगितलं की डायलिसिसला निघताना ती दर खेपेला ओवाळते, पुडी यांच्याच हातात देते, वाटेत खाडी लागली की काचेतून पाण्यात टाका म्हणून. ओवाळलेलं घरात-दारात राहू द्यायचं नसतं, हे काय तिला कळत नाही? आजचीपण दिलेली आहे.

सगळे रामचंद्रांकडे बघायला लागले. त्यांच्या मुठीत पुडी होती. काचेकडच्या डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायची फुगवलेली शीर, तो हात डॉक्टरांनी जपायला सांगितलेला. उजव्या हाताकडे त्यांनी खाली बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"काच लांब पडते," ते म्हणाले.

चाळीस वर्षं या माणसानं खाडीत जाळं फेकलं होतं. पाण्यानं भिजलेलं जाळं, शिशाच्या गोळ्यांसकट, एका झोक्यात. निमेश लहानपणी होडीत बसून ते गोल पसरताना बघायचा. आता त्या हाताला मूठभर मीठ काचेबाहेर टाकता येत नव्हतं, आणि चार महिने हे त्यांनी बायकोला कळू दिलं नव्हतं. पुडी सीटच्या फटीतून खाली, गालिच्याच्या उसवलेल्या कडेत सरकवायची आणि घरी येऊन सांगायचं, टाकली.

कृष्णाबाई पदर तोंडाला लावून आत गेली, आणि गोड्या पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली.

चंद्रप्रकाशनं तारा धुतल्या, घासल्या, शेजारणीनं आणलेल्या केस सुकवायच्या मशीननं सुकवल्या. सडलेलं टोक कापून नवं जोडलं. सीट बसवली, स्कूटरवर आणलेली दुसरी बॅटरी तारांनी जोडून चावी फिरवली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. एअरबॅगचा दिवा मशीन लावून घालवावा लागेल, पण आता बिनधास्त जा, बंद तेवढी करू नका, असं त्यानं बजावलं. अकराला पाच मिनिटं कमी होती.

निमेशनं गाडी हाणली. रामचंद्रांची घरघर वाढली होती. मूठ मांडीवर तशीच मिटलेली.

खाडीशी आल्यावर निमेशनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून उतरला, वळसा घालून आला आणि वडिलांच्या बाजूचं दार सताड उघडलं.

"कशाला थांबलास? उशीर होल," रामचंद्र म्हणाले.

"आईनं दिलंय ना. टाक."

"तूच टाक."

"तुझ्यावरनं उतरवलंय, बाबा. तूच टाकायचं."

रामचंद्रांनी दम घेतला. ओठ घट्ट मिटले, खांदा उचलला आणि डोळे मिटून हात झोकला. तेवढ्यानंच त्यांचं डोकं मागं पडलं. छाती भात्यासारखी हलायला लागली.

"गेलं पान्यात?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

पुडी निमेशच्या चपलेपाशी पडली होती.

"गेलं," निमेश म्हणाला. "लांब गेलं."

त्यानं वडिलांचा हात उचलून मांडीवर ठेवला, पट्टा लावला आणि दार बंद केलं.