तुळसाच्या मुठीतली शिट्टी

"बाई, पंच व्हायला मिशा लागतात का?"

तुळसाने हा प्रश्न भर वर्गात विचारला, तेव्हा मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होते. प्रश्न मुळात तिचा नव्हताच. मधल्या सुट्टीत चिंचेखाली मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "विचारून दाखव गो! नाय विचारलंस तर तुझी नुसती तोंडपाटीलकी." असल्या बोलण्याने तुळसा पेटते. तिने विचारलं, आणि डिवचणाऱ्या सगळ्या जणी माना खाली घालून खुसखुसू लागल्या.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. पाठीवर एक पोचा आहे. पोटात बुचाचा वाटाणा आहे, तो झिजून झिजून मुगाएवढा उरला आहे. आत्ता मी तुळसाच्या मुठीत आहे आणि मूठ घामाने चिंब आहे. समोर बैलगाडी जुंपून उभी आहे. तुळसाचे आईबाप आणि तिची आत्या एकाच वेळी बोलत आहेत, त्यामुळे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. मी फार दमले आहे. त्यांचं भांडण आटपेपर्यंत माझी हकिगत तुम्हांला सांगून टाकते.

माझा जन्म विलायतेतला. तिथलं काही आठवत नाही. साच्यातून निघाले, खोक्यात पडले, ते खोकं उघडलं थेट पहिल्या महायुद्धात, इराकातल्या बसऱ्याच्या लढाईत. तिथे पोलादपूरकडचे गोमाजी हवालदार होते, त्यांच्या गळ्यात मला अडकवलं. बसऱ्याची वाळू माझ्या पोटात शिरली ती कितीतरी वर्षं निघाली नाही. मी वाजले की माणसं उठून पळत सुटायची, आणि त्यांतली काही परत यायची नाहीत. दमणं म्हणजे काय, ते मी तिथेच शिकले.

लढाई संपली. गोमाजी महाडला आले आणि मुलांच्या शाळेत ड्रिल मास्तर झाले. मग काय, दहा-बारा वर्षं रोज सकाळी तेच. दक्ष, विश्राम, दक्ष. माझा आवाज नदीपलीकडे जायचा. "गोमाजींची शिट्टी डोहातल्या म्हशी उठवते," असं लोक कौतुकाने म्हणत. म्हशी कधी उठल्या नाहीत, पण ऐकायला बरं वाटे. पुढे गोमाजींचे पुढचे दात पडले. फुंकर निसटू लागली. मुलांच्या शाळेत नवे तरुण मास्तर आले, त्यांच्या गळ्यात नवी चकचकीत शिट्टी. गोमाजींना मुलींच्या शाळेत घंटा द्यायचं काम मिळालं आणि मला तिथल्या भिंतीवरचा खिळा मिळाला.

खिळ्यावर मी तीन पावसाळे काढले. काळी पडले. एका कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचं घर बांधलं. खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. वाजायचं नाही, कुणाला उठवायचं नाही. निजून राहायचं.

तेवढ्यात पुण्याला शिकून आलेल्या बनुबाई मास्तरीण शाळेत रुजू झाल्या आणि त्यांनी एक नवा खेळ आणला. त्याचं इंग्रजी नाव त्यांनी दोनदा सांगितलं, पण मुलींनी त्याला 'चारघरी' म्हणायला सुरुवात केली ती केलीच. भात कापलेल्या शेतात गोणपाटाच्या चार घड्या टाकायच्या. ती चार घरं. एकीने चिंध्यांचा चेंडू टाकायचा, दुसरीने कपडे धुवायच्या धोपाटण्याने तो हाणायचा आणि घरं घेत पळायचं. चारही घरं झाली की एक फेरी. घरावर पाय आहे तोवर तुम्हांला कुणी हात लावू शकत नाही. दोन्ही पाय घराबाहेर असताना अंगाला चेंडू लावला की बाद. बनुबाईंच्या नियमांच्या वहीत पहिलाच कायदा होता तो: घर सुटलं, चेंडू लागला, बाद.

आधी गोमाजीच पंच व्हायचे. पण ते उन्हात डुलकी घेत, आणि जागे झाले की समोर दिसेल तिला बाद देत. कुणी बोललं तर मिशीवरून हात फिरवून म्हणत, "पंच म्हणजे मिशीचं काम हाय. पोरींनी गप खेळावं." त्यावरूनच तर तो प्रश्न निघाला!

बनुबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोमाजींनाच आत बोलावलं. "गोमाजी, तुळसा काय विचारते आहे ऐकलंत का?"

गोमाजींनी ऐकलं होतं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि तुळसाच्या हातात आपटलं. "घे! बिनमिशीची वाजते का बघ."

तुळसाने गाल फुगवून अशी फुंकर मारली की कुंभारमाशीचं अख्खं घर उडून गोमाजींच्या मिशीत जाऊन बसलं. वर्ग हसून हसून आडवा झाला. शेवटी गोमाजीही हसले. मिशी झटकत म्हणाले, "वाजली गो बाय. आता मी सुटलो."

ते सुटले आणि मी अडकले! त्याच संध्याकाळी तुळसाने मला चिंचेने घासलं, कापडाने पुसलं, नवी सुतळी ओवली. मी पिवळीधमक झाले. पुन्हा वाजणं आलं म्हणून मनातल्या मनात कण्हलेही.

तुळसा मूळची वर डोंगरातल्या कुडपणची. गावात मुलींना शिकायची सोय नाही, म्हणून ती महाडला गोदूआत्याच्या घरी राहते. आत्याची मुलगी रखमा तिच्याच वर्गात. दोघी एका ताटात जेवतात, एका वाकळेत निजतात आणि एकमेकींची वेणी घालताना भांडतात. तुळसा पंच झाली तेव्हा रखमा म्हणाली, "आता घरातही शिट्टी मारशील काय? उठा, बसा, भाकरी खा!"

पोलादपूरच्या शाळेशी सामना ठरला. मीठ न्यायला महाडला आलेला कुडपणचा चांगू परत निघाला तेव्हा तुळसाने त्याच्याबरोबर निरोप धाडला, "आबांना सांग, मला पंच केलंय." चांगूने डोंगर चढून तो निरोप चावडीवर दिला: रावजींच्या तुळसाला महाडात पंच केली.

आता रावजी, म्हणजे तुळसाचे आबा, स्वतः कुडपणच्या पाच पंचांतले एक. बांधाची, पाण्याची, सोयरिकीची भांडणं ते मिटवतात. पंच म्हटल्यावर त्यांना दुसरं काय समजणार? ते आणि तुळसाची आई ठकूबाई तसेच डोंगर उतरले, आणि पोलादपूरच्या मुलींच्या बैलगाडीत बसून आज दुपारी महाडात हजर झाले.

"भांडण कुणाचं हाय?" आबांनी आल्याआल्या विचारलं. "आणि बाकीचे चार पंच कुठं हायत?"

"चार नायत आबा. मी एकटीच."

"एकटी? पाच असल्याबिगर पंच म्हणत नायत गो कुणी!"

रखमा पोट धरून हसत सुटली. तुळसाने चारघरी समजावून सांगितली, तेव्हा आबांच्या जिवात जीव आला. "खेळातला होय! मग ठीक." आणि ते बांधावर जाऊन बसले.

सामना सुरू झाला. मी किती वेळा वाजले त्याची गणती नाही. सूर्य कलला तेव्हा पोलादपूरच्या सहा फेऱ्या झाल्या होत्या, महाडच्या पाच. महाडची शेवटची मुलगी खेळायची राहिली होती, ती रखमा. फेरी केली तर बरोबरी, बाद झाली तर हार.

रखमाने धोपाटणं असं हाणलं की चेंडू पार बांधाच्या कडेला! पहिलं घर, दुसरं घर, आणि तिसऱ्या घरावर ती धाडकन येऊन थांबली. थांबताना तिचा पाय तिथे उभ्या असलेल्या, पोलादपूरच्या आवडी नावाच्या मुलीच्या नडगीला लागला.

मित्रांनो, तुमचा पाय कुणाला लागला तर तुम्ही काय करता? तेच रखमाने केलं. विचार करायला वेळ कुठे असतो? ती पटकन घरावरून उतरली, वाकली, आवडीच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. त्याच क्षणी बांधाकडून चेंडू आला. आवडीने तो झेलला आणि समोर वाकलेल्या पाठीवर टेकवला. मग तिलाच काय झालं ते कळलं आणि ती रडकुंडीला आली.

सगळं शेत तुळसाकडे बघू लागलं. तिने मला ओठांत धरलं. तिचे ओठ थरथरत होते, ते फक्त मला कळलं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आपला वाटाणा आता अडकून बसावा. बसऱ्यापासून वाजते आहे, एकदा नाही वाजले तर काय बिघडेल? ही पोर वाचेल.

पण तिने फुंकलं, आणि मी वाजले.

"रखमा बाद!"

मग जो गलका झाला! "नमस्कार करणारीला बाद?" "हेच शिकवतात काय शाळेत?" गोदूआत्या कमरेला पदर खोचून आल्या. "माझ्या घरात राहतेस, माझ्या हातचं खातेस, आणि माझ्याच लेकीला बाद करतेस? आता माझ्या घरातनं तू बाद! ठकू, हिची वळकटी बांध."

तर मंडळी, ते भांडण हेच. आत्याच्या घरून वळकटी आली, ती गाडीच्या चाकाशी पडली आहे. गाडीवान सारखा आभाळाकडे बघतो आहे, कारण अंधार पडायला आला आहे आणि पोलादपूर लांब आहे. आत्याचं घर सुटलं तर तुळसाची शाळा सुटली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रखमा धोपाटणं छातीशी धरून दूर उभी आहे. डोळे लाल.

"दादा, तू पंच हायस ना?" आत्या आबांना म्हणतात. "तूच न्याय कर."

आबा घसा खाकरतात. "तुळसा, पाय लागला तर नमस्कार करायचा का नाय?"

"करायचा आबा. पण एक पाय घरावर ठेवून करता येतो." तुळसा वळकटीवर एक पाय ठेवून वाकून दाखवते. "हे बघा. असा. रखमाचे दोन्ही सुटले."

गाडीवान फिसकन हसतो. आबांच्या मिशा हलतात, पण ते हसू आवरतात.

"मग कायदा बदला की गो," ठकूबाई कळवळून म्हणते. "देवाधर्माचं कायदं मोठं, का गोणपाटाचं?"

"बदलू आये. बनुबाईंना मी म्हटलंय, पाय लागला की पंचाने शिट्टी मारायची, खेळ थांबवायचा, नमस्कार झाला की पुन्हा सुरू. सोमवारी वहीत लिहू. पण आज तसं नव्हतं लिहिलेलं. आज आवडीने कायद्याने चेंडू लावला."

"ते काय नाय," आबा आवाज खाली आणून म्हणतात. "गोदूच्या पाया पड. म्हण, माझी चूक झाली, रखमा बाद नव्हती. एवढं बोललीस की ती ठेवून घेईल. अगो, आम्ही पंचसुद्धा कधी कधी एखादा शब्द मागं घेतो. घर टिकवायला घ्यावा लागतो."

आत्या वाट बघत आहेत. एवढ्यात रखमा तिथूनच ओरडते, "मी बाद होते, मामा! मला ठाऊक हाय!" आणि मग तुळसाकडे बघून, "पण एवढी जोरात कशाला फुंकलीस गो? कानठळ्या बसल्या!" आणि ती रडू लागते. आत्या तिला गप करायला धावतात, ठकूबाई आत्याला समजावायला धावते, आबा दोघींना दटावतात, आणि पुन्हा सगळे एकदम बोलू लागतात.

मित्रांनो, माझं आता थोडंच मागणं आहे. तुमच्या घरी कुठे माझ्यासारखी जुनी शिट्टी असेल तर तिला खिळ्यावर कुंभारमाशीच्या हवाली करू नका. अधूनमधून चिंचेने घासा, वाजवून झाल्यावर पुसून ठेवा. आणि वाजवाल तेव्हा खरं तेच वाजवा. आम्हांला लाजवतं ते खोटं वाजणं. मी आज संध्याकाळी मोडून पडेन एवढी दमले आहे, पण लाजलेली नाही.

थांबा. तुळसाची मूठ उघडते आहे. ती मला उचलते आहे. या वेळी ओठ थरथरत नाहीत.

मी वाजले. बसऱ्यापासून आजवर इतकी मोकळी कधी वाजले नव्हते. बैलांनी कान टवकारले. आबा, आये, आत्या, सगळे जागच्या जागी गप्प झाले.

"आबा, आये, माझं ठरलंय," तुळसा म्हणाली. "आत्याच्या पाया मी पडेन, तिने मला दोन वर्षं जेवू घातलं म्हणून. चूक झाली असं म्हणणार नाय. त्यावर आत्याने ठेवलं तर ही वळकटी उचलून आत जाईन. नाय ठेवलं तर गाडीत टाकून तुमच्यासंगं वर येईन, आणि उद्यापास्नं कुडपणच्या पोरींना गोणपाट टाकून चारघरी शिकवीन. तिथं पंच मीच. गावात पाच हायत ना आबा? सहा होतील."