आजोबा भडकले!

आजोबांनी उजवा पाय उचलला. पाय आला, चप्पल जमिनीवरच राहिली. डावा उचलला, तोही एकटाच आला.

क्षणभर ते त्या दोन चपलांकडे पाहत राहिले. मग खिडकीच्या पडद्याकडे. पडद्याखालून दोन पावलं दिसत होती आणि पडदा हसत होता.

"बाहेर ये, ठकी! चिकटपट्टी लावलीस? कंबर मोडली असती तर कोणी जोडून दिली असती, तुझ्या बापाने? गाढवं पाळलीत या घरात, गाढवं!"

अकरा वर्षांची नात फोन सरळ धरून बाहेर आली. मागोमाग सूनबाई आल्या, चेहरा अगदी कामाचा.

"बाबा, मस्त झालं. फक्त शेवटच्या 'गाढवं'ला आवाज जरा पडला. परत एकदा घेऊ या?"

आजोबांना स्वतःचा खरा राग आला तो यानंतर. कारण त्यांनी निमूटपणे पुन्हा त्या चपलांत पाय घातले आणि पहिल्यापेक्षा चांगले भडकले.

त्यांची हयात बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेली होती. दारात लोंबकळणारे, एका सीटवर पिशवी बसवणारे, उतरायचा स्टॉप गेल्यावर जागे होणारे, सगळ्यांवर ओरडून गळा तयार झालेला. निवृत्तीनंतर त्याला विश्रांती मिळेल असं त्यांना वाटलं होतं. पण मुलाने आणि सुनेने चॅनेल काढलं. नाव 'आजोबा भडकले!', उद्गारचिन्हासकट. आता औषधांच्या दुकानात अनोळखी माणसं कडेवरचं पोर पुढे करून म्हणत, "आजोबा, हिच्यासाठी जरा भडका ना." आजोबा त्या माणसावर मनापासून भडकत. लोक टाळ्या वाजवत. स्वतःच्या मर्जीने चिडायचीही सोय राहिली नव्हती.

व्हिडिओ तयार झाला की ठकी सोफ्यावर त्यांना येऊन खेटायची.

"बघा, इथे तुमचे कान हलतात."

"माझे कान हलत नाहीत."

"हळू करून दाखवते. हे बघा!"

हळू केल्यावर कान खरोखरच हलत. आजोबांना कानांचाही राग येई.

एके दिवशी न्हाणीघराचं दार उघडताच अंगावर पन्नासेक फुगे कोसळले, तेव्हा त्यांनी ठरवलं, बस्स. त्यांनी फुग्यांतून वाट काढली आणि शांतपणे दाढी केली. चहात मीठ आलं, तर कप संपवून म्हणाले, "छान झालाय." टीव्हीची वायर काढून ठेवली, तर काळ्या पडद्यासमोर पाय पसरून बसले.

"काय बघताय, आजोबा?"

"बातम्या. आज बऱ्या आहेत."

प्रेक्षक काळजीत पडले. 'आजोबांची तब्येत बरी आहे ना?' असं विचारू लागले. सूनबाईंनी त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. ते कधी नव्हे इतकं उत्तम निघालं. मुलाने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. महिनाभरात चॅनेल बंद पडलं.

चपला पायांबरोबर चालू लागल्या. चहा गोड झाला. पडद्यामागे खिडकी तेवढी उरली.

ठकी तिच्या खोलीत गेम खेळू लागली. कानांवर हेडफोन, दार लावलेलं. आतून आरोळ्या येत: "डावीकडे! अरे, मागून आला! मेलास ना, माठ!" एवढ्या जिव्हाळ्याने ती कोणाशी बोलते, हे पाहायला आजोबांनी एकदा दार ढकललं.

"ठकी, माझे कान हल्ली..."

"थांबा ना आजोबा, मॅच चालू आहे."

ते थांबले. मॅच संपली. दुसरी सुरू झाली. मागे न वळता तिने एक हात हलवला. प्रवासात मागे पडणाऱ्या ओळखीच्या माणसाला हलवावा, तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून किंकाळी आली. दार धाडकन उघडलं आणि ठकी बाहेर आली. हेडफोन गळ्यात, नाकपुड्या फुललेल्या.

"नेट गेलं! आत्ता जायचं होतं? शेवटची फेरी होती! मीच उरले होते आमच्यातली! काय हे! या घरात एक गोष्ट धड चालत नाही!"

सोफ्यावर बसलेले आजोबा ते सगळं मान किंचित तिरकी करून ऐकत होते. गाण्याच्या मैफिलीत जाणकार ऐकतात तसे.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

"कधी येणार?"

"काय सांगावं बाई. या कंपन्यांचं काही खरं नसतं."

ठकी पाय आपटत कपाटाकडे गेली. वरच्या नेटच्या डबीवरचा दिवा विझलेला होता. डबीची वायर तिथे नव्हती. ती भिंतीशी वाकली, उठली आणि गर्रकन वळली. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातून काळ्या वायरीचं टोक बाहेर डोकावत होतं. आजोबा छताकडे पाहत होते.

"काय झालं गं ओरडायला?" स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारलं.

ठकीने वायरीकडे पाहिलं. मग आजोबांकडे. त्यांचे कान, कोणी हळू न करताही, स्पष्ट हलत होते.

"काही नाही, आई," ती म्हणाली. "नेट गेलंय. आज काही यायचं नाही."

आणि दोन बोटांनी तिने ते टोक खिशात नीट आत ढकललं.