दोरीवरचा हात

ज्याच्या मागोमाग आपल्याला अंधारात जायचे आहे, त्याच्यावर संशय घेणे हा दोष मानावा की कर्तव्य? आपल्या माणसांना असा संशय अपमानासारखा बोचतो, आणि तो उघड बोलणाऱ्याच्या पदरी बहुधा दुरावा येतो. तरीही एकाचा श्वास जिथे दुसऱ्याच्या शिस्तीवर टिकून असतो, तिथे विश्वास मागून मिळत नाही. त्याला कसोटीस उतरावे लागते.

धरणाच्या तळाशी एक जुनी लाँच पडून होती. पाणी चढू लागले तेव्हा गावाचे सामान पैलतीरी नेताना ती कलंडली होती. माणसे पोहून वाचली. मात्र लाँचच्या खालच्या खोलीत ठेवलेला ग्रामदेवीचा पितळी मुखवटा तिच्यासह बुडाला. यंदाच्या जत्रेपूर्वी तो वर आणावा, असे पैलतीरी डोंगरावर जाऊन वसलेल्या त्या गावाच्या वस्तीने ठरवले, कारण वस्तीचाच संदीप आता पाण्याखाली उतरू लागला होता. लोणावळ्याकडे पर्यटकांच्या बोटी चालवणारा हा तरुण एक हंगाम गोव्यात राहून आला होता, आणि बुडालेल्या जहाजांच्या पोटात आपण कितीदा तरी शिरलो आहोत, असे सांगत असे. जोडीला त्याने बेडसे गावच्या मानसीला बोलावले. जहाजात शिरण्याचे रीतसर शिक्षण तिने घेतले होते आणि पुढे अनुभवी गुरूंच्या मागे राहून बराच सरावही केला होता.

ती आली आणि तिने प्रथम संदीपचे सामान पाहिले. परतीची वाट दाखवणाऱ्या मार्गदोरीच्या रिळावरचे प्लास्टिकचे वेष्टनसुद्धा निघालेले नव्हते. विजेरी एकच होती.

"आत जाताना तीन विजेऱ्या लागतात, संदीप."

"अगं, लाँच ती केवढी! एका दमात आत, एका दमात बाहेर."

"गोव्यात आत शिरलास तेव्हा हवेचा हिशोब कसा धरत होतास?"

"टाकीचा काटा अर्ध्यावर आला की फिरायचं मागं."

हवेचा एक वाटा जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि तिसरा संकटासाठी राखून ठेवायचा, हा या विद्येचा पहिला धडा होता. संदीपने गोव्याचा फोटो दाखवला. त्यात जहाज होते आणि संदीपही होता, पण तो डेकच्या वर तरंगत होता. तिचा संशय अधिक गडद झाला.

"पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर एक सराव करू," ती म्हणाली. "तुमचा गोठा मिळेल का, बहिरूभाऊ?"

बहिरू हा वस्तीचा कारभारी आणि संदीपचा चुलता. त्याच्या कपाळाला आठी पडली. "आमच्या पोराची परीक्षा घ्यायला आलीस व्हय?"

"त्याची आणि माझीही."

गोठ्यातील मेढींना वळसे घालत, गव्हाणीखालून, कडब्याच्या गंजीमागून तिने दोरी ताणली. दोघांच्या डोळ्यांवर काळे फडके बांधले. लाँचमध्ये गाळ उठला की डोळे असून नसल्यासारखे होतात. मग दोरीवरचा हात हाच परतीचा रस्ता असतो, असे तिने सर्वांना समजावले. दोरीने दारापर्यंत यायचे, एवढेच करायचे होते. संदीप पुढे, मानसी मागे. वस्ती दाराशी लोटली.

"संदीपा, म्हशीला जहाज समजू नगंस!" कोणीतरी ओरडले.

दोघे मध्यावर आले असता संदीपची आजी चिमाबाई आत शिरली. नुकताच तिने देवीपुढे नारळ फोडला होता. पोरे शुभकार्याला निघाली, तर त्यांच्या हाती प्रसाद पडावा, एवढेच तिच्या मनात.

"घे रं बाळा, परसाद."

संदीपने तत्क्षणी दोन्ही हात पुढे केले, उजव्याखाली डावा. लहानपणापासून अंगी मुरलेली ती रीत होती. गूळ-खोबरे घेऊन त्याने ते कपाळाला लावले.

"तू बी घे गं, पोरी."

मानसीचा हात हलला नाही. "नंतर, मावशी."

दाराशी कुजबुज उठली. "बेडशाची ना ती? घ्यायची न्हाई आपल्या देवीचा परसाद." बहिरूचा चेहरा कठोर झाला. मघापर्यंत ती परकी होती; आता ती देवीचीच वैरीण ठरू लागली. "आसं मन आसलं तर तुजी गरज न्हाई आमाला," तो म्हणाला. "संदीप एकला जाईल."

"जाऊ दे त्याला," मानसी फडक्याआडून शांतपणे म्हणाली. "आधी त्याला दारात येऊ दे."

संदीपने दोरीसाठी हात पुढे केला. तिथे दोरी नव्हती. डावीकडे चाचपले, गव्हाण लागली. तो वळला, कडब्यात गुडघ्यापर्यंत रुतला, पुन्हा वळला आणि थेट म्हशीच्या कुशीवर आदळला. सगळे हसले. तो अधिक घाईने चाचपू लागला. त्याचा श्वास दारापर्यंत ऐकू येऊ लागला तेव्हा हसणे आपोआप थांबले. तो भिंतीला धरून दारापासून दूर, आतल्या कोपऱ्याकडे चालला होता.

मानसी तेवढ्यात दोरीने दारात पोहोचली. फडके सोडून ती म्हणाली, "आमच्या घरी प्रसाद घेत नाहीत, मावशी, हे खरं आहे. पण मघाशी हात आवरला तो त्यासाठी नाही. हात दोरीवर होता."

चिमाबाई कोपऱ्यात गेली आणि तिने स्वतः नातवाचे फडके सोडले. "खरं सांग. गेलतास का कदी जहाजाच्या आत?"

संदीपच्या मुठीत गूळ अजून तसाच होता. "न्हाई, आज्जे. वरनंच बगितलं. आत न्यायला तितं कुनी तयारच न्हवतं मला."

बहिरू मेढीवरची दोरी सोडू लागला. मग म्हणाला, "यंदा जत्रा मुखवट्याबिगरच हुईल."

"मला शिकवशील?" संदीपने मानसीला खाली मान घालून विचारले.

"मी नाही, माझ्या गुरूंकडे नेते. वेळ लागेल. आणि त्यांच्यापुढे तो गोव्याचा फोटो दाखवू नकोस, ते ओरडतात."

चिमाबाईने प्रसादाचे ताट बाजूला ठेवले. "परसाद नगं तर नगं. भाकर खाशील का? ती देवीची न्हाई, माजी हाय."

"भाकरीला बसते, मावशी."

मानसी आणि संदीप गोठ्याच्या ओट्यावर जेवायला बसले. खाली धरणाचे पाणी निश्चल होते. देवीला त्या तळाशी सुख असो. जो तिच्या भेटीला आत जाईल, त्याचा हात दोरीवर राहो, आणि आत गेलेला प्रत्येक जण उजेडात परत येवो.