सवतीच्या दारापर्यंत

मी बस आहे. थांबा, लगेच फोन काढू नका. तुम्हाला वाटतेय ती मी नव्हे. गोल नाकाची, पितळी दिव्यांची, जिच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढून घेतात, ती तिकडे शेडखाली आहे. मी इकडची, उन्हात उभी असलेली. माझ्या मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने ‘मला आंघोळ घाला’ असं लिहून ठेवलंय. हो, तीच बोलतेय.

आडपडदा न ठेवता सांगते, मला त्या शेडखालच्या बयेचा हेवा वाटतो. हेवा हा जरा सभ्य शब्द झाला. मी जळते तिच्यावर.

माझा जन्म अगदी साधा. सांगाडा एका गावाहून आला, इंजिन दुसऱ्या गावाहून, आणि बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात एका रांगेत माझ्यासारख्या ढिगाने तयार झाल्या. मला रंग देणारा माणूस शेजारच्याला सबंध वेळ आपल्या मेव्हण्याची गाऱ्हाणी सांगत होता. त्या नादात माझ्या डाव्या कुशीला पट्टा थोडा तिरका गेला, तो अजूनही तसाच आहे. कौतुक म्हणाल तर एवढंच, की डेपोत आले त्या दिवशी मॅनेजर माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “ठीक आहे, उद्यापासून लावा रुटला.”

पहिली काही वर्षं ड्रायव्हर बदलत राहिले. कुणी घरचा राग माझ्या गिअरवर काढायचा, कुणी ब्रेकवर. मग तो आला. सगळा डेपो त्याला काका म्हणायचा. माझा दुसरा गिअर सरळ पडत नाही, आधी थोडा स्वतःकडे ओढून मग खाली घ्यावा लागतो. बाकीच्यांनी त्यावरून मला शिव्या घातल्या होत्या. त्याने पहिल्याच फेरीत ते ओळखलं, आणि कंडक्टर ताईला म्हणाला, “हट्टी आहे, पण मनाची वाईट नाही.” आजवर माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याची झाले, आणि तो माझा, असं मी धरून चालले.

रस्ता आमचा रोजचा. डेपो, पाण्याच्या टाकीचा चौक, हॉस्पिटल, बाजार, गिरणीची वसाहत, शेवटचा थांबा. माणसं मी पुष्कळ पाहिली. बसायला जागा मिळाली की माणसाला खिडकीबाहेरचं फार बघावंसं वाटू लागतं, उभ्या माणसाकडे त्याची मान वळत नाही. ज्याला घाई असते तोच दारात अडून उभा राहतो. रात्रपाळी करून परतणारी एक नर्स आहे. ती बसल्या बसल्या झोपते आणि तिच्या डोक्याचा तेलकट डाग माझ्या काचेवर उमटतो. तिचा थांबा आला की तो आरशात बघून सांगायचा, “ताई, उठवा हो सिस्टरना.” हे असं आमचं घर होतं, चाकांवरचं.

आणि मग ती आली.

आली म्हणजे आणली. कुठल्याशा गोदामामागच्या गवतात सापडली म्हणे. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. जुन्या बसगाड्यांवर जीव टाकणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, त्याचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्या मंडळाने तिला ट्रकवर घालून आमच्या डेपोत आणलं आणि पुढची दोन वर्षं तिचे जे काही लाड केले, ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसून दात घासायच्या ब्रशने तिच्या दिव्यांच्या खाचा साफ करायचे. तिला रबरी फुग्याचा भोंगा मिळाला. सीटना खरं चामडं मिळालं. डोक्यावर शेड मिळाली. मेकॅनिक लोक तिला महाराणी म्हणू लागले. माझ्या सीटचा स्पंज तेव्हा तीन ठिकाणी बाहेर आला होता, तो मात्र कुणाच्या नजरेत भरला नाही.

तिच्यासाठी दरवर्षी डेपोशेजारच्या मैदानात मेळावा भरतो. लांबलांबून लोक येतात, कॅमेरे घेऊन, लहान मुलांना खांद्यावर बसवून. ती त्यांना डेपोच्या फाटकातून तलावापर्यंत नेते आणि परत आणते. जिथे चढायचं तिथेच उतरायचं. कुणाला कुठे पोचायचं नसतं, कुणाला उशीर झालेला नसतो, कुणाचं लेकरू तापाने फणफणलेलं नसतं. आणि उतरताना टाळ्या! मी वर्षानुवर्षं माणसांना नेमकं जायचं तिथे पोचवते, पण उतरणारा मागे वळूनसुद्धा बघत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण एके दिवशी तो शेडसमोर थबकला. बराच वेळ बघत राहिला आणि ताईला म्हणाला, “अगं, नोकरीला लागलो तेव्हा हीच गाडी. हिच्यावर माझा हात बसला.”

झालं. पहिलं प्रेम म्हणतात ते. त्यानंतर त्याचा सुट्टीचा रविवार तिचा झाला. आठवडाभर माझ्यापाशी राबायचं आणि सुट्टी मिळाली की फडकी घेऊन तिच्याकडे. मी कोपऱ्यातून बघायची. तो तिच्या दाराच्या बिजागरीत तेल घालायचा, आणि माझं मागचं दार उघडताना कण्हायचं ते कण्हतच राहायचं.

तरी मी एका गोष्टीवर तग धरून होते. आमच्या डेपोत ड्रायव्हर निवृत्त होतो तेव्हा शेवटची फेरी तो आपल्या गाडीवर करतो, आणि त्याच्या घरचे पुढच्या सीटवर बसून येतात. त्याचा तो दिवस जवळ येत होता. मी मनाशी म्हटलं, रविवार गेले तर गेले. ती शेवटची फेरी माझी. बायकोला तो माझ्यावर बसवून आणणार, रोजची माणसं हात हलवणार, आणि ती महाराणी शेडखाली बसून बघणार. मला दुसरं काही नको होतं.

पंधरवडा राहिला असताना डॉक्टर आणि मॅनेजर आमच्यापाशी आले. डॉक्टर म्हणाले, “काका, नेमका त्याच दिवशी मेळावा येतोय. महाराणी तुम्हीच चालवा. वहिनींनाही घेऊन या.”

मला वाटलं, तो नाही म्हणेल. त्याचा चेहरा मी आरशात बघत होते. लहान मुलाला दुकानदाराने काचेमागचं खेळणं हातात द्यावं, तसा तो झाला.

“मी? साहेबांची हरकत नसेल तर...”

“हरकत कसली?” मॅनेजर म्हणाले. “त्या गाडीला बदली ड्रायव्हर देऊ.”

ती गाडी म्हणजे मी.

ताई बिचारी बोलली माझ्या वतीने. “काका, आणि आपली शेवटची फेरी?”

तो हसला. “अगं, ही काय, रोजचीच आहे.”

खरं सांगते, त्या दुपारी चढावर मला दम लागला तो इंजिनमुळे नव्हे.

तो दिवस उजाडला. महाराणी सुरूच होऊ नये, असं मी मनापासून चिंतलं. मेली पहिल्या फटक्यात सुरू झाली. नवा गणवेश घातलेला तो, शेजारच्या सीटवर ठेवणीतली साडी नेसलेली त्याची बायको, मागे कॅमेरेवाले. मी फाटकातून बाहेर पडताना त्याने माझ्याकडे बघितलं असेल किंवा नसेल, मी बघितलं नाही.

बदली ड्रायव्हर पोरसवदा होता. दुसऱ्या गिअरला असा काही झटला की माझे दात करकरले. हॉस्पिटलच्या थांब्यावर नर्स गल्लीतून धावत येताना मला दिसत होती, पण तो थांबला नाही. बाजारातल्या घड्याळवाल्याने दारातूनच विचारलं, “काका कुठेत? आज शेवटचा दिवस ना?” त्याने काकांसाठी कागदात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. ताईने सांगितलं तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “मग मी मागाहून येतो,” आणि चढलाच नाही. सबंध बसभर तोंडं उतरलेली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या जोडीने रुसलं होतं, तेवढंच जरा बरं वाटलं.

शेवटच्या थांब्यावर मी परतीच्या वेळेची वाट बघत उभी होते. आणि कोपऱ्यावरून भोंगा वाजला. रबरी फुग्याचा.

ती आली. माझ्या रस्त्याने, माझ्या शेवटच्या थांब्यावर. दार उघडलं आणि आतून माझी माणसं उतरू लागली. आधी नर्स, डोळे चोळत. मग घड्याळवाला. मग वसाहतीतल्या दोन बायका. एका कॅमेरेवाल्याच्या मांडीवर भाजीची पिशवी होती, ती त्याने मुकाट्याने खाली दिली. माझा ड्रायव्हर नेला, वर माझे प्रवासी आणि माझा रस्तासुद्धा नेला! ठेवलं काय हिने मला?

डॉक्टर घाम पुसत खाली उतरले. “काका, अहो टाकीच्या चौकात उजवीकडे वळायचं होतं. तलाव उजवीकडे. तुम्ही डावीकडे आलात, वर प्रत्येक थांब्यावर थांबलात.”

तो कावराबावरा झाला होता. “डॉक्टर, खरंच कळलं नाही हो. हात आपोआप वळले. थांबा दिसला की पाय ब्रेकवर. आणि हिचा दुसरा गिअर मी सबंध रस्ताभर स्वतःकडे ओढत आलो. तो सरळ पडतो हे लक्षातच राहिना. करकर करत आली बिचारी.”

नर्स म्हणाली, “मी काय, काका दिसले, चढले.”

मी ऐकत होते. स्वतःकडे ओढून मग खाली, ती खोड माझी होती. म्हणजे बसला होता तिच्यावर आणि चालवत होता मला. माझ्या आत जे काही झालं ते मला सांगता येत नाही. डिझेलवर चालणाऱ्या जिवाला शोभणार नाही असं होतं ते.

आणि तो माझ्याच दिशेने येऊ लागला. आला, केबिनचं दार उघडलं, आपल्या जागेवर बसला. मला वाटलं, आता परतीची फेरी हा माझ्यावरच करणार. त्याने ढुंगणाखालची उशी काढली, झटकली, काखेत मारली आणि खाली उतरला. “तिची सीट जरा टणक आहे,” तो ताईला म्हणाला. आणि उशी घेऊन तिच्याकडे गेला.

मी तिथेच मोडून पडले असते. पण तेवढ्यात त्याची बायको पाय मोकळे करायला उतरली होती, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वरपासून खालपर्यंत तिने मला न्याहाळलं.

“हीच का गं ती?” तिने ताईला विचारलं.

“हो काकू, हीच आमची.”

“पोरीचा निकाल लागला त्या दिवशी हे हिच्यावर. माझं ऑपरेशन झालं, तरी दुपारी हे हिच्यावर. घरी आले की जेवताना हिच्याच गोष्टी. हिचा ब्रेक, हिचा आवाज, आज ही कशी रुसली. एवढी वर्षं मी मनात म्हणत होते, एकदा बघावी तरी कोण आहे ती.” तिने माझ्या तिरक्या पट्ट्यावर एक चापट मारली. “आणि बघितली तर ही अशी.”

ताई खो खो हसली. तीही हसली, पण डोळे पुसत. एवढी वर्षं मी दुसरीवर जळत राहिले, आणि इकडे एका घरात माझ्या नावाने कुणीतरी बोटं मोडत होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

परतीची फेरी मी बदली ड्रायव्हरबरोबर केली. तो महाराणीवरून गेला, टाळ्यांत उतरला. शेवटची फेरी मला मिळाली नाही ती नाहीच.

आता तो निवृत्त आहे. रविवारी फडक्यांची पिशवी घेऊन डेपोत जातो, महाराणीला पुसायला. जातो कसा? माझ्यावरून. वसाहतीच्या थांब्यावर चढतो, तिकीट काढतो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतो. चौक आला की त्याचा उजवा पाय फळीवर दाबला जातो, मी थांबेपर्यंत. मीच त्याला तिच्या दारात सोडते आणि मीच संध्याकाळी घरी नेऊन घालते. मधला दिवस तिचा.

तेही आता फार दिवस नाही. माझी मुदत संपत आली. डॉक्टरांनी परवा माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “अशा अजून चिक्कार आहेत.” बरोबरच आहे. मला कुणी शेडखाली ठेवणार नाही. माझ्या जागी येणारी नवी बस कालच शेजारी येऊन उभी राहिली, बिनआवाजाची, बिनगिअरची, विजेवर चालणारी. तिलाच सांगून ठेवते आहे.

पोरी, रविवारी वसाहतीच्या थांब्यावर फडक्यांची पिशवी घेतलेला एक म्हातारा उभा असेल. त्याचा गुडघा दुखतो, तेव्हा अगदी फुटपाथला लागून थांब. त्याला नीट ने, नीट आण. पण एक लक्षात ठेव, त्याच्याशी फार गोड वागायचं नाही.