बारकीचं अनुभवपत्र

बारकीच्या अनुभवपत्रात मी अकरा ओळी लिहिल्या. त्यातल्या दहा खऱ्या होत्या. वर्तमानपत्राच्या मानाने हे प्रमाण चांगलंच म्हणायचं, पण बारकी म्हणजे वाचक नव्हे, माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

माझी दातांची प्रयोगशाळा आहे. नाव ऐकून लोक बिचकतात. प्रत्यक्षात दोन खोल्या, एक भट्टी आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवतात. आम्ही त्यात प्लास्टरचे जबडे ओततो, जबड्यावर मेणाचा दात कोरतो, मग त्याचा पक्का दात होतो आणि डबीत बसून डॉक्टरांकडे जातो. रोगी मला ओळखत नाहीत. मी मात्र अर्ध्या शहराला आतून ओळखतो.

प्रत्येक डबीबरोबर एक चिठ्ठी जाते. तिच्यावर दाताचा रंग, तारीख आणि सर्वांत खाली 'घडवणार' असा रकाना. त्या रकान्यात पंचवीस वर्षं माझी सही आहे. शेवटची तीन वर्षंसुद्धा. फक्त त्या तीन वर्षांत मी एकही दात घडवलेला नाही.

त्याचं असं झालं, की माझा उजवा हात थरथरायला लागला. चहाच्या कपाचं त्याने अडत नाही, बशी असते. मेणाचं अडतं. नेमकी त्याच महिन्यात बारकी कॉलेजातून दंततंत्राची पदवी घेऊन बाहेर पडली आणि म्हणाली, "मामा, नोकरी मिळेपर्यंत तुमच्याकडे बसू का?" घरी ती मला 'अरे मामा' करते, कामाच्या खोलीत 'अहो'. ही शिस्त तिचीच. ती बसली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने कोरलेली दाढ पाहून मी माझी कोरणी धुऊन, पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली. चिठ्ठीवरची सही मात्र ड्रॉवरमध्ये ठेवली नाही. डॉक्टरांना उगाच कशाला काळजीत टाका, असं मी स्वतःला सांगितलं. मी स्वतःचं लवकर ऐकतो.

त्याच सुमारास माझी स्वतःची डावी दाढ तुटली. नवी बारकीनेच केली. ती बसवताना डॉक्टर म्हणाले, "वा! स्वतःची स्वतःच केलीत?" तोंड उघडं असल्यामुळे मी नुसतं 'आँ' म्हणालो. त्यांनी ते हो धरलं. तोंड मिटल्यावर खुलासा करता आला असता, पण मी पाणी मागितलं. दाढ केसभर उंच झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "लागते का कुठे?" आता स्वतःच घडवलेल्या दाढेबद्दल तक्रार करायची म्हणजे पंचाईत. "छे, एकदम फिट," मी म्हणालो. तेव्हापासून मी उजव्या बाजूने जेवतो.

तीन वर्षं अशी सुखात गेली. माझी. बारकीचा बेत वेगळा होता, आणि तो तिने लपवला नव्हता. मीच तिकडे लक्ष दिलं नव्हतं. तिला परदेशी जाऊन काम करायचं होतं. एके रविवारी तिच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, घरी एक एजंट बोलावला. बसल्या बसल्या त्याने टेबलावर चार देश मांडले.

"मार्ग तीन आहेत मॅडम," तो ताईला म्हणाला. "एक सरळ, त्याला जन्म जातो. एक वाकडा, तो मी सांगत नाही. तिसरा माझा."

"तुमचा कसा असतो?" बारकीने विचारलं.

"पाहुणी म्हणून जायचं. एकदा पोचलात की मग बघू."

"काय बघू?"

"म्हणजे... तिकडे गेल्यावर माणसाला मार्ग दिसतो."

"इथून दिसतोय तो," बारकी म्हणाली आणि आतून फाइल घेऊन आली. एका देशात म्हातारे फार आणि दात करणारे थोडे, म्हणून तिथल्या सरकारने दंततंत्रज्ञांना रीतसर बोलावलं होतं. वय, पदवी, भाषेची परीक्षा, अनुभव, सगळ्याला गुण. पंचाहत्तर लागत होते, हिचे ऐंशी भरत होते. ऐंशीतले पंधरा तीन वर्षांच्या स्वतंत्र कामाचे. भाषेची परीक्षा तिने केव्हाच दिली होती, सकाळी कामाला येण्यापूर्वी शिकून. मला वाटायचं, पोरगी उशीर होऊ नये म्हणून लवकर उठते.

एजंटने फाइल चाळली आणि चहा संपवला. "या पोरीला माझी गरज नाही," तो म्हणाला. त्या माणसाच्या तोंडून खरं ऐकलेलं ते बहुधा पहिलंच वाक्य असावं.

"आता फक्त तुझं पत्र राहिलं रे," ताई मला म्हणाली. "ते काय, घरचंच."

घरचं असल्यामुळेच त्याला सात आठवडे लागले. आधी लेटरहेड संपलं होतं. मग शिक्का वाळला होता. मग भट्टी बिघडली, आणि भट्टी बिघडली की मला लिहायला सुचत नाही, हा शोध मला त्याच आठवड्यात लागला. बारकी रोज विचारायची नाही. ती नवं लेटरहेड छापून आणायची, शिक्क्याची शाई आणायची, भट्टी दुरुस्त करून घ्यायची. कारणं संपत आली तसं माझ्या लक्षात आलं, की ही मुलगी नसती तर माझ्याकडे एकही वस्तू चालू स्थितीत नसती.

पत्र मी पाकिटात बंद करून, शिक्का मारून द्यायचं होतं, अर्जदाराने बघायचं नाही, असा नियम होता. मी लिहायला बसलो तेव्हा बारकी उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"बस की गं, मी काय परीक्षा देतोय?"

"नियम आहे, मामा."

दहा ओळी मी मनापासून लिहिल्या. प्रामाणिक, वक्तशीर, हात हलका, नजर तीक्ष्ण. मग अकरावी आली, कामाचं स्वरूप. तिथे खरं लिहायचं तर असं लिहायला हवं होतं, की गेली तीन वर्षं सगळे दात हिने केले आणि मी सह्या केल्या. मी लिहिलं, 'सहाय्यक म्हणून, माझ्या देखरेखीखाली.'

अब्रूसाठी लिहिलं, असं मी पुढे बरेच दिवस मनाला बजावत होतो. पण ते पत्र वाचणार कोण? समुद्रापलीकडचा एक कारकून. त्याच्या नजरेतून उतरलो असतो तर माझं काय बिघडणार होतं? तेव्हा अब्रू वगैरे काही नाही. बारकी गेली की दुकान बंद, हे मला कळत होतं. बस्स. पाकीट चिकटवलं, शिक्का मारला. बारकीने वळून ते दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाली, "थँक्यू मामा." कामाच्या खोलीत ती मला पहिल्यांदाच वाकून नमस्कार करते की काय, अशी मला धास्ती वाटली. सुदैवाने तिला डबी पोचवायची घाई होती.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. स्वतंत्र कामाचा अनुभव सिद्ध होत नाही. अनुभवाचे गुण शून्य. नियोक्त्याला खुलासा करायचा असल्यास तीस दिवसांत ऑनलाइन करावा. ऐंशीचे पासष्ट झाले होते.

"आपली जागा त्यांना लहान वाटली असेल," बारकी म्हणाली. हातातला जबडा तिने खाली ठेवला नव्हता. "तुम्ही लिहिलं असेल नीटच. मीच कामाचे फोटो जोडायला हवे होते. तुम्ही खुलासा कराल ना?"

"करू की."

'करू की' म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको तर खूषच होती. "बरं झालं. इथे काय कमी आहे तिला?" ती म्हणाली. माझ्याच मनातलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते किती ओशाळवाणं आहे ते कळलं. मी उठून हात धुऊन आलो. हात स्वच्छच होते.

विसाव्या दिवशी ताई प्रयोगशाळेत आली, मागे एजंट. तो या वेळी एकच देश घेऊन आला होता आणि एकच कागद. एका मोठ्या प्रयोगशाळेचं अनुभवपत्र, नावाची जागा कोरी.

"तीन वर्षं स्वतंत्र काम," त्याने वाचून दाखवलं. "भाषा बघा, रडू येईल."

"घे ना गं," ताई म्हणाली. "तू काम केलंयसच की. कागद दुसऱ्याचा, एवढंच. कोण जातंय बघायला?"

"नको आई."

"अगं, दिवस दहा राहिले! मामाचं पत्र नाही चाललं, काय करणार मग?"

बारकीने भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. "आई, मला तिथे जाऊन रोज लोकांच्या तोंडात बसणारे दात करायचेत. खोटा कागद घेऊन नाही जायचं. माझ्याकडे खरा आहे, मामाचा. त्याने होत असेल तर होईल."

एजंटने माझ्याकडे पाहिलं. अशा कागदांत त्याचा जन्म गेला होता. त्याला वास आला असावा. जाताना तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "साहेब, तुमचं पत्र कितव्या मार्गातलं?"

त्या दिवशी जेवताना विसरून मी डाव्या बाजूने चावलो आणि कळ थेट डोक्यात गेली. बायको म्हणाली, "दाखवा की डॉक्टरांना." काय दाखवणार?

सव्विसाव्या दिवशी मी खुलासा करायला बसलो. एकटाच. पण तो अर्ज कागदावर नव्हता, पडद्यावर होता, आणि माझ्या हाताबरोबर पडद्यावरचा बाणही थरथरत होता. मी 'पुढे' दाबायला जावं तर 'रद्द' दाबलं जायचं. दोनदा वेळ संपली म्हणून अर्ज आपोआप मिटला. शेवटी मी हाक मारली, "बारके, जरा इकडे ये."

ती आली, खुर्ची ओढून बसली, दोन बोटांत अर्ज उघडला. खुलासा करण्यापूर्वी मूळ पत्र वाचा, असं म्हणून त्या भल्या अर्जाने माझं पत्रच पडद्यावर आणलं.

या वेळी तिला नियम आठवला नाही, ती वाचत गेली. प्रामाणिक, वक्तशीर. हात हलका. मी भट्टीकडे बघत राहिलो. भट्टीवर तापमानाचे आकडे चढत होते आणि खोलीत तेवढीच एक गोष्ट हलत होती. अकरा ओळींना इतका वेळ लागत नाही.

मग ती पुढच्या पानावर गेली. तिथे प्रश्न होता: पहिल्या पत्रातील माहिती चुकीची असल्यास कारण निवडा. खाली तीन पर्याय. नजरचूक. गैरसमज. इतर.

बारकीने बाण 'नजरचूक'वर नेला.

"हेच टाकूया," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "लवकर मंजूर होतं. 'इतर' टाकलं तर सगळं लिहावं लागतं, आणि मग तुमची पत्रं ते पुढे घेणार नाहीत. खाली लिहिलंय बघा."

म्हणजे एजंटला दोनदा परत पाठवणारी ही मुलगी, आपल्या सरळ अर्जात एकच वाकडी गोष्ट घालायला तयार झाली होती, आणि तीही माझ्यासाठी. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला हायसं वाटलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या क्षणाची.

"सरक जरा," मी म्हणालो.

ती सरकली. मी माउस धरला. बाण 'गैरसमज'वर गेला, खाली घसरला, पानाबाहेर गेला, परत आला. बारकीने मदत केली नाही. हात मांडीवर ठेवून बघत राहिली. पाचव्या खेपेला 'इतर'वर खूण पडली आणि खाली लिहायला मोकळी जागा उघडली. ती मी एका बोटाने भरली. 'माझा हात तीन वर्षांपासून थरथरतो. या काळातले सर्व दात अर्जदाराने एकटीने घडवले. चिठ्ठ्यांवर सह्या माझ्या आहेत, काम तिचं आहे. ती गेली तर माझं काम बंद पडेल, म्हणून मी तिला सहाय्यक लिहिलं.'

"'बंद पडेल'च्या आधी एक अक्षर सुटलंय," बारकी म्हणाली. ते तिने नीट केलं. बाकी कशाला हात लावला नाही. मग उठून जाऊन मेण तापवायला ठेवलं.

मंजुरी सहा आठवड्यांत आली. ताईने गल्लीभर सांगितलं, की मामाने दुसरं पत्र लिहिलं म्हणून झालं. बारकीने एकदाही ते दुरुस्त केलं नाही. ती असं गप्प राहणं माझ्यापासून शिकली असेल, तर मी तिला एवढंच शिकवलं म्हणायचं.

ती गेल्यावर उरलेल्या डब्या मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेलो. 'घडवणार'च्या रकान्यात तिचं नाव लिहिलं होतं.

"ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी भाची. तीन वर्षं हीच करत होती."

"आणि तुम्ही?"

"सह्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. पुढच्या महिन्यापासून त्यांचं काम दुसरीकडे जायला लागलं. माझी तक्रार नाही. मीही दुसरीकडेच दिलं असतं.

बारकी दर रविवारी फोन करते. मामीशी अर्धा तास बोलते, मग फोन माझ्याकडे येतो. "भट्टी कशी आहे?" "बरी आहे." "हात?" "आहे तसाच." एवढंच. घरच्या फोनवरसुद्धा आता 'अहो' असतं. बायको म्हणते, पोरी लांब गेल्या की शहाण्या होतात.

परवा तिने अचानक विचारलं, "आणि दाढ? नीट आहे ना?"

'एकदम फिट' हे शब्द तोंडात तयार होते. तीन वर्षांची सवय.

"केसभर उंच आहे," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून."

मग ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून? मग बोलला का नाहीत? पाच मिनिटांचं काम होतं. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाऊन घासून घ्या."

"बघू."

"मामा, लागत असेल हो."

"लागते," मी म्हणालो. "लागू दे."