उत्तरेश्वरभाऊंची मिशी

जत्रा जवळ आली हे शिरूरात मला पंचांगावरून कधी कळलं नाही. उत्तरेश्वरभाऊंच्या मिशीवरून कळायचं.

उत्तरेश्वरभाऊ आडत बाजारात मापाडी. ज्वारीचं पोतं काट्यावर असं टाकायचे की काटाच दचकावा. वर भरघोस मिशी. पण चैत्रात ऊसतोडीची माणसं गावात परतू लागली की ही मिशी जायची, कारण जत्रेच्या नाटकात बाईचं काम त्यांचं. "कातडीला रंग धराया वीस दिस लागतेत, वैनी," असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही. त्यामुळे बाहेरगावचे शेतकरी माल घेऊन आले की पोती उतरवायच्या आधी तोंड पाडून विचारायचे, "कोन गेलं, मापाडी?"

"अजून न्हाई गेली. वीस दिसांनी मरायचीय, शेवटच्या अंकात. या बघाया."

त्यांना लुगडं नेसवायचं काम माझ्याकडे होतं. आमचं कापडाचं दुकान, नाटकाची लुगडी आमच्याच कपाटातून जायची. एका वर्षी दुसऱ्या अंकात भाऊंचं लुगडं सुटलं. लोक हसले आणि आमचे मालक चन्नप्पा घाबरले. त्यांना अब्रूची काळजी नव्हती, मालाची होती. दुसऱ्या वर्षीपासून त्यांनी मला पाठवलं. मी आपली गोल सहावारी नेसणारी. काष्टा घालायला शिकले ती शेजारच्या कडूबाईकडून, तीही एका मापाड्यासाठी.

अकरा वर्षं नेसवलं. नाटक समोरून एकदाही पाहिलं नाही, पण पाठीमागून सगळं पाठ. सरदाराच्या जरीच्या अंगरख्याखाली ठिगळाची पँट असते, हे गावात फक्त मला आणि त्याच्या बायकोला माहीत होतं.

मग गावात केबल आली. ती आणली आमच्याच धाकट्या दिरांनी. अमरनाथ भावजी बीडला शिकून आले, घराच्या गच्चीवर भली मोठी थाळी बसवली आणि त्याच वर्षी नाटक कमिटीचे अध्यक्ष झाले.

जेवताना म्हणाले, "वहिनी, यंदा बाईचं काम बाईच करणार. लातूरची नटी ठरवलीय."

"आणि उत्तरेश्वरभाऊ?"

"केबलवर बघितलीय का कुठं मिशीवाली हिरोईन?"

"मिशी कुठाय? कालच काढलीय त्यांनी."

भावजींनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "उगवंल की."

दुसऱ्या दिवशी मी भाजीला गेले तेव्हा भाऊ काट्यापाशी होते, तोंडाला उपरणं बांधून. कुणी नवखा म्हातारा गाडीवरून उतरला. उपरणं खाली सरकलं तसा जवळ येऊन हळूच म्हणाला, "कोन गेलं, बाबा?"

मी थांबले. म्हटलं, आता जोक येईल.

"पंचावन्न किलो," भाऊ म्हणाले आणि पुढचं पोतं उचललं.

जत्रेच्या दिवशी दुपारी नटी आली. उज्ज्वला. पंजाबी ड्रेस, छोटी बॅग, एसटीने उलट्या होऊन पिवळी पडलेली. पोरगी गोड होती, मला राग धरता येईना. शाळेच्या पटांगणात स्टेज, त्याला लागूनच मागे चौथीच्या वर्गात रंगायची सोय होती. मी लुगडं उलगडलं.

"मावशी, मला नेहमी शिवलेली नऊवारी देतात हो," ती म्हणाली.

"इथं नेसवलेली असते."

एकदा नेसवलं, ती चालली, काष्टा सुटला. दुसऱ्यांदा नेसवलं, निऱ्या पायात आल्या. तिसऱ्यांदा घट्ट बांधलं तर तिला बसता येईना. माझे हात एकाच अंगावर शिकले होते, कापसाच्या गाद्या बांधलेल्या, साडेपाच फुटी, पोती उचलणाऱ्या अंगावर. बाईला लुगडं नेसवता येत नाही अशी मी गावातली पहिलीच बाई.

बाहेर भावजी दार वाजवत होते. "वहिनी, झालं का? दिवे लागले."

"झालं नाही. होणारही नाही. उत्तरेश्वरभाऊंना बोलवा."

"मी?"

"अध्यक्ष कोण? तुमीच जा, तुमच्या तोंडानं."

लांब जायची गरज पडली नाही. भाऊ चार वाजल्यापासून वर्गाच्या खिडकीखालीच बसलेले, नुसते आपले तंबाखू मळत. भावजी काय बोलले ते ऐकू आलं नाही. भाऊंचं तेवढं ऐकू आलं, "चल बे. आधी पाणी पाज."

आत आले आणि दारातच अडले. परक्या बाईच्या निऱ्यांना हात कसा लावायचा? एवढा मोठा गडी लाजून फळ्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाले, "वैनी, दुसरं लुगडं हाय का?"

हिरवं होतं, दर वर्षीचं. मी सवयीने आणलेलं.

त्यांनी ते धोतरावरूनच नेसायला घेतलं. "बाई, माज्याकडं बघा. मी करतो तसं करायचं." कंबरेची गाठ. मग एक एक निरी, दोन बोटं रुंद. समोर उज्ज्वला तशीच करत होती, जीभ दातात धरून. अकरा वर्षं मी नेसवलं असं मला वाटायचं. गाठ कुठं ढिली ठेवायची, तिसऱ्या अंकात पळायचंय म्हणून काष्टा दोन बोटं वर का घ्यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्यामागे ते दर वर्षी गुपचूप सगळं नीट करून घेत असणार. बोलले कधीच नाहीत.

"दादा, शेवटी मरताना पडायचं कसं? मला पडायची भीती वाटते."

भाऊ पडून दाखवायला लागले. "आधी गुडगा. मंग कंबर. पदर सगळ्यात शेवटी. मरताना बाईला काय घाई नसते." चौथीच्या वर्गाची धूळ उडाली. उज्ज्वला हसली, मग तशीच पडली. तीन वेळा पडली. लुगडं हललं नाही.

घंटा झाली, ती गेली. भाऊ लुगडं न सोडताच बाकावर बसले. पडद्यापलीकडून तिचे शब्द येत होते, इकडे त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या अंकात तिकडे धप्प आवाज झाला आणि इकडे यांनी डोळे मिटले. टाळ्या सुरू झाल्या.

"वैनी, टाळ्या लई पडल्या का?"

"तुमच्यापेक्षा कमीच."

हे मी ठोकून दिलं. मागून सगळ्या टाळ्या सारख्याच ऐकू येतात.

"दोन निऱ्या कमी पायजे होत्या," ते म्हणाले आणि गाठ सोडून लुगडं घडी करून माझ्या हातात दिलं. घडी माझ्यापेक्षा सुबक.

मिशी महिन्याभरात उगवली, भावजी म्हणाले तशी. मला वाटलं, संपलं.

पुढच्या चैत्रात दुकानाच्या पायरीवर भाऊ उभे. ओठ साफ.

"अगंबाई! यंदाही ती लातूरचीच येणार आहे ना? मग मिशी कावून काढली?"

"तिला शिकवायचंय, वैनी. मिशी ठिवून निऱ्या जमत न्हाईत. बोटांना आठवतच न्हाई."

पायरीवर एक गिऱ्हाईक बसलेलं, गेवराईकडचं. त्याने तोंड पाडून विचारलं, "कोन गेलं, मापाडी?"

"वीस दिसांनी जायचीय," भाऊ म्हणाले. "या बघाया. पडायचं आमी शिकवलंय."

मी कपाट उघडलं आणि हिरवं लुगडं वर काढून ठेवलं.