चपटं झालेलं लाइफ जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट बोलतोय. जवळ या, पण जरा बेतानं. आल्या आल्या कुणावर विश्वास टाकायचा नाही, असा माझा स्वभावच आहे.

त्याला मी तरी काय करणार? ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथल्या शिवणाऱ्या बाई प्रत्येक पट्टा ओढून बघत आणि पुटपुटत, "हा निसटणार, बघा." पट्टा निसटत नसे, तरी त्या पुन्हा ओढत. तेच माझ्या अंगात भिनलं. समुद्र शांत दिसला की मला वाटे, याच्या मनात काहीतरी आहे. "मला येतं हो पोहता," असं कुणी म्हटलं की मला त्याचीच जास्त काळजी वाटे.

सुरुवातीची वर्षं मोठी मानाची गेली. नावाडी मला रोज गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा. एकदा होडीतून पडलेल्या एका आजोबांना मी अलगद वर धरून ठेवलं, तेव्हा आजींनी माझ्यावरून मायेने हात फिरवला होता. पुढे नवी जॅकेटं आली आणि माझी रवानगी होडीतल्या फळीवर झाली. कशाला? तर बसायला! फळी टोचते म्हणून जो येई तो माझ्यावरच ठाण मांडी. माझ्या पोटातला फोम, ज्याच्या जोरावर मी तरंगायचो, तो दबून दबून पार चपटा झाला. बाहेरून मात्र मी होतो तसाच नारिंगी.

एके दिवशी पाच मैत्रिणी आल्या. एकीचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून सगळ्या मिळून समुद्रावर चार दिवस मजा करायला आल्या होत्या. नवी जॅकेटं नेमकी चारच शिल्लक होती. नावाड्याने मला फळीवरून उचलून झटकलं.

"मला द्या हे, काका. तुम्ही नवी घ्या गं," नवरी म्हणाली. आपल्याला पोहता येत नाही, हेही तिने हसत हसत सांगून टाकलं. मला धडकीच भरली.

मला वाळूवर ठेवून नवरी चपला ठेवायला गेली आणि बाकीच्यांची कुजबुज सुरू झाली. मी कान टवकारले. होडी खोल पाण्यात गेली की नवरीला मागून ढकलायचं, असा त्यांचा बेत होता. जॅकेट आहे की अंगात, काय होतंय, असं त्यातली एक बडबडी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. एक सोडून. तिला त्या फौजदार म्हणत, कारण खोलीला लावलेलं कुलूपही ती पुन्हा पुन्हा ओढून बघायची. ती माझ्याकडे नुसती रोखून बघत राहिली. मग हळूच जवळ येऊन तिने मला दाबलं, चिमटे काढले, पट्टा सोडला. माझी खात्रीच पटली. ही पट्टा सैल करून ठेवणार आणि वर साळसूदपणे रडणार!

नवरी परत आली, तर फौजदारने मला तिच्या हाती दिलंच नाही. स्वतःच अंगात चढवलं, पट्टे घट्ट आवळले आणि थेट पाण्यात शिरली. आता जॅकेटचाही पंचनामा करणार का, म्हणून सगळ्यांनी तिची टिंगल केली. नवरीही त्यात होती. फौजदार गळ्याएवढ्या पाण्यात थांबली आणि तिने हातपाय सैल सोडले.

मित्रांनो, मी जिवाचा आटापिटा केला. पण पाणी तिच्या हनुवटीला लागलं, ओठांना लागलं, नाकावरून गेलं. मी तिला घेऊन खाली गेलो.

तिने तळाशी पाय रोवले आणि खोकत खोकत उभी राहिली. काठावर कुणी हसत नव्हतं. बडबडी पांढरीफटक पडली होती. रडत रडत तिने नवरीला सगळा बेत सांगून टाकला. नवरी टॉवेल घेऊन फौजदारकडे गेली. मग फौजदारचे ओले केस पुसत ती म्हणाली, "आणि मी पण तुलाच हसत होते गं."

नावाड्याने मान खाली घातली. चुकूनसुद्धा मला पुन्हा कुणी घालू नये, म्हणून त्याने सुरीने माझे पट्टे कापून टाकले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्या जातीच्या दैवात हे एक दिवस असतंच. पण ते असं कुणाच्या बुडाखाली चपटं होऊन येऊ नये, एवढंच वाटतं.

म्हणून हात जोडून सांगतो, आमच्यावर बसू नका. आम्हाला धुवा, सावलीत वाळवा. आणि अंगात घालण्याआधी दाबून बघा, उथळ पाण्यात उतरून बघा, आमच्यावर खुशाल संशय घ्या. आम्हाला त्याचा राग येत नाही. एका पोरीने तो घेतला, म्हणून तिच्या मैत्रिणीचं लग्न ठरल्या दिवशी लागलं.